रंग टिकला, तर मासा टिकला!

वीकएण्डला गळ टाकायला जाता? घरी बनवलेल्या ल्यूअरचा रंग पहिल्याच खडकावर ठेवून येत असाल, तर हे वाचाच.

शनिवारची सकाळ. रेवदंड्याचे खडक, चढती भरती आणि माझ्या हातात दोन रात्री जागून बनवलेला ल्यूअर. पांगाऱ्याचं हलकं लाकूड तासून केलेला मासा, त्यावर बहिणीच्या नेलपॉलिशचे चंदेरी पट्टे. एकदम झकास! चौथ्या कास्टला तो खडकावर आपटला. बाहेर काढला तर अर्धा रंग गायब आणि लाकूड फुगलेलं. शेजारी गरवत बसलेले काका म्हणाले, ‘काय रे पोरा, मासे धरायला आलास का नखं रंगवायला?’

लाज वाटली, पण धडा मिळाला. चूक नुसत्या नेलपॉलिशची नव्हती. ते पटकन वाळतं, पण थर पातळ आणि ठिसूळ. एक टवका उडाला की पाणी आत शिरतं, लाकूड फुगतं आणि उरलेला रंगही सुटतो.

आधी सील, मग स्टाइल

लाकडी ल्यूअरला रंगाआधी सीलर हवा. हुकाची भोकं आधी पाडून घ्या आणि त्यांच्या आतही सीलर जाऊ द्या, कारण पाणी तिथूनच घुसतं. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर मारा, पुसून घ्या आणि मग बोटं लावू नका. हाताचा तेलकटपणा रंगाला धरू देत नाही. त्यावर पांढरा बेस, म्हणजे वरचे रंग खुलतात. मग हवे ते अ‍ॅक्रिलिक रंग. पण ते पूर्ण वाळू द्या. घाई इथेच नडते.

वरचा थर कोणता?

खरी मारामारी शेवटच्या पारदर्शक थराची. दोन भागांचं इपॉक्सी सगळ्यात दणकट. डब्यावर दिलेलं प्रमाण काटेकोर पाळा, सावकाश ढवळा, पातळ थर द्या आणि घट्ट होईपर्यंत ल्यूअर फिरवत राहा. नाहीतर सगळं एका बाजूला ओघळतं. पाच मिनिटांत सेट होणारं इपॉक्सी सोयीचं, पण ते लवकर पिवळं पडतं. यूव्ही रेझिन दिव्याखाली मिनिटांत कडक होतं, मात्र जाड थर आतून मऊ राहू शकतो. पॉलियुरेथेन पातळ आणि चिवट. पण त्याचे काही प्रकार हवेतली ओल घेऊनच वाळतात, त्यामुळे उघडलेला डबा काही दिवसांत दगड!

आणि हो, हे काम मुंबईच्या जुलैत काढू नका. दमट हवेत इपॉक्सीवर दुधाळ, चिकट साय येते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम.

शिशाचं काय?

हा भाग मी हसत लिहू शकत नाही. एका रविवारी माझी तीन वर्षांची भाची शिशाचं वजन तोंडाकडे नेताना दिसली. मी वेळेत पोचलो, एवढंच. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि लहान मुलांना त्याचा धोका सर्वांत जास्त.

म्हणून फ्लॅटमध्ये शिसं वितळवण्याचा उद्योग नकोच. धूर तर वाईटच, पण साच्यात पाण्याचा थेंब राहिला तरी शिसं अंगावर उडतं. तयार वजनं आणा आणि त्यांना पावडर कोटिंग करा. वजन साधारण १५०-१७५ अंशांपर्यंत तापवायचं, पावडरमध्ये क्षणभर बुडवायचं, झटकायचं आणि १७५-१८० अंशांवर १५-२० मिनिटं भाजायचं. शिसं ३२७ अंशांना वितळतं, त्यामुळे ते जागचं हलत नाही. ओव्हन मात्र वेगळा हवा. त्यात पुन्हा कधीही पिझ्झा नाही!

कोटिंगमुळे बोटांना शिसं कमी लागतं, वजन खडकावर लवकर सोलत नाही. पण ते कवच म्हणजे हमी नव्हे. टवका उडाला की वजन बाद. डबा कुलपात आणि जेवणाआधी हात साबणाने स्वच्छ. वजन पाण्यात तुटून राहिलं तर ते पक्ष्यांच्या पोटात जाऊ शकतं. ब्रिटनमध्ये हंस मरू लागले, म्हणून १९८७पासून तिथे बहुतेक लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली. खिसा परवानगी देत असेल तर टंगस्टन घ्या. ते शिशापेक्षा जड, म्हणजे तेवढ्याच वजनाला आकार लहान.

जाता जाता

- मऊ प्लॅस्टिकचे ल्यूअर रंगवलेल्या ल्यूअरसोबत एका डब्यात ठेवू नका. त्यातलं रसायन रंग विरघळवतं.
- फ्लुरोसंट रंग उन्हात उडतात. डबा सावलीत ठेवा.
- थिनर, स्प्रे आणि रेझिनसाठी खिडकी उघडी, हातात ग्लोव्ह्ज आणि तोंडावर योग्य मास्क.

परवा पुन्हा रेवदंड्याला गेलो. नवा ल्यूअर खडकावर तीनदा आपटला. रंग जागेवर! मासा? तो नाही लागला. काकांनी ल्यूअर हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, ‘हां, आता हा मासा दिसतो.’ मंडळी, एवढ्यावर पुढचा आठवडाभर बॉसला सहन करता येतं.