घरगुती समुद्र-मत्स्यालय : हौस आणि हिशेब

चित्र विकत आणून भिंतीवर टांगलें कीं आपलें काम संपतें. मत्स्यालय घरांत आणलें कीं काम सुरू होतें. त्यांतही गोड्या पाण्यांतील मासे कोणीही पाळावे, खाऱ्या पाण्यांतील मासे मात्र श्रीमंतांनींच पाळावे, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज अर्धाच खरा आहे. खर्च येतो हें निःसंशय. परंतु तो कोठें करावा आणि कोठें टाळावा हें नीट समजलें तर मध्यम स्थितीच्या कुटुंबासही ही हौस झेपण्यासारखी आहे. या दृष्टीनें कांहीं व्यवहारी विचार वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही हौस कालपरवांची नव्हे. निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस यांच्या साहाय्यानें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं लोकांसाठीं मत्स्यगृह उघडलें, आणि दुसऱ्याच वर्षीं निघालेल्या त्यांच्या पुस्तकानें घरोघर कांचेच्या टाक्या ठेवण्याचें वेड इंग्लंडांत पसरलें. मुंबईस १९५१ सालीं मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालें. पुढें २००३ सालीं ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊनफिश मुलांच्या तोंडीं झाला. मुलांचा हट्ट आणि दुकानदाराची तत्परता यांची गांठ पडली म्हणजे बहुधा वीतभर टाकी व चार मासे घरीं येतात. महिन्याभरांत मासे मरतात, आणि टाकी माळ्यावर जाते. पैसे गेले त्याचें दुःख थोडें. मुक्या जिवांचा घात झाला तो मात्र सहज टाळतां येण्यासारखा असतो.

पहिली गोष्ट टाकीची. लहान टाकी स्वस्त पडते हा मोठाच भ्रम आहे. पाणी जितकें थोडें तितकें तें लवकर तापतें, लवकर आटतें आणि माशांच्या मलमूत्रानें लवकर विषारी होतें. नवशिक्यानें निदान अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद व सव्वा फूट उंच अशी टाकी घ्यावी. तींत कांठोकांठ ११० लिटर पाणी मावतें. वाळू, दगड व वरची मोकळी जागा वजा जातां सुमारें ९० लिटर उरतें. अशी टाकी गांवांतील कांचवाल्याकडून आठ मिलिमीटर जाडीच्या कांचेची करून घेतली तर नक्षीदार तयार टाकीपेक्षां पुष्कळ स्वस्त पडते. भरल्यावर तिचें वजन सव्वाशे किलोंहून अधिक होतें. म्हणून मांडणी भक्कम व समतल असावी, आणि टाकीवर थेट ऊन पडूं नये.

वापरलेली टाकी मिळाल्यास अवश्य घ्यावी. परंतु अंगणांत दोन दिवस भरून ठेवून गळत नाहीं याची खात्री करावी, आणि तींत पूर्वीं तांबेयुक्त औषध घातलें होतें कीं काय तें विचारावें. जुना हीटर व मुदत संपलेलीं तपासणीचीं औषधें मात्र फुकट मिळालीं तरी घेऊं नयेत.

आतां मिठाविषयीं. स्वयंपाकघरांतील मीठ पाण्यांत घातलें म्हणजे समुद्र होत नाहीं. सागराच्या क्षारांपैकीं शेंकडा सुमारें ८५ भाग सोडियम व क्लोराइड असले, तरी उरलेल्या भागांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादि द्रव्यें असतात, व त्यांवांचून तेथील जीवसृष्टि नीट चालत नाहीं. मिठागरांतील खडेमीठही उपयोगी नाहीं. कारण मीठ जमतांना मॅग्नेशियमचा बहुतेक भाग मागें राहिलेल्या कडवट पाण्यांतच राहतो. मुंबईच्या किनाऱ्याचें पाणी सांडपाण्यामुळें त्याज्य समजावें. यास्तव मत्स्यालयासाठीं बनविलेलें मीठच घ्यावें. लिटरमागें ३५ ग्रॅम या मानानें आरंभीं सव्वातीन-साडेतीन किलो, आणि पुढें दर आठवड्यास १० लिटर पाणी बदलण्यासाठीं महिन्याला सुमारें दीड किलो मीठ लागतें. हा खर्च कायमचा आहे. म्हणून टाकी घेण्यापूर्वीं वर्षाच्या मिठाचा हिशेब मांडावा.

मिठाचें प्रमाण मोजण्यास रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. कांट्याचा प्लास्टिक हायड्रोमीटर स्वस्त असतो, परंतु कांट्यास हवेचे बुडबुडे चिकटले कीं तो चुकीचें प्रमाण दाखवितो. पाणी आटतें तेव्हां क्षार मागेंच राहतात, हेंही ध्यानांत ठेवावें. म्हणून रोजची तूट गोड्या पाण्यानेंच भरावी, खाऱ्या पाण्यानें नव्हे.

तें गोडें पाणी कसें असावें? नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतो. शुद्धीकरण-यंत्राचें पाणी त्याहून बरें. परंतु येथें एक इशारा अगत्याचा आहे. आपल्या घरांत तांब्याच्या घागरीचें पाणी आरोग्यदायक मानतात, आणि हल्लीं कित्येक शुद्धीकरण-यंत्रेंही पाण्यांत तांबें मिसळतात. शंख, झिंगे व खेकडे यांस तांबें अल्प प्रमाणांतही प्राणघातक ठरतें. मत्स्यालयाचें पाणी तांब्यापितळेच्या भांड्यांत कधींही ठेवूं नये. त्यासाठीं प्लास्टिकची निराळी बादली राखून ठेवावी व तीस साबण लावूं नये. टाकीच्या खोलींत डासांचीं औषधेंही फवारूं नयेत.

यंत्रांच्या बाबतींत बहुतेकांचा पैसा वायां जातो. टाकींतील पाणी तासांत दहा-पंधरा वेळां फिरेल एवढा पंप आणि एक साधा फिल्टर आरंभीं पुरेसा आहे. १० वॅटचा पंप अहोरात्र चालला तरी महिन्यास सुमारें सात युनिटच वीज जळते. बुडबुड्यांच्या फेसाबरोबर घाण बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर उपयुक्त खरा. परंतु मासे दोनच असतील व पाणी नियमितपणें बदललें जात असेल, तर त्यावांचून अडत नाहीं. केवळ माशांसाठीं साधा एल.ई.डी. दिवा चालतो. पाण्याची उष्णता २४ ते २७ अंश असावी. उन्हाळ्यांत महागडें शीतयंत्र घेण्याऐवजीं पाण्यावर लहान पंखा सोडावा. बाष्पीभवनानें पाणी दोन-तीन अंश थंड होतें. पावसाळ्यांत दमट हवेमुळें हा उपाय कमी पडतो. मुंबईस हीटर क्वचितच लागतो. पुणें-नाशिकच्या थंडींत मात्र तो हवा.

जेथें काटकसर करूंच नये अशा वस्तु तीन. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवेचा पंप ही पहिली. कोंमट खाऱ्या पाण्यांत प्राणवायु मुळांतच कमी विरघळतो. अर्थिंगची पक्की जोडणी व गळती होतांच वीज तोडणारी कळ ही दुसरी. खारें पाणी विजेचें उत्तम वाहक आहे, आणि घरांत मुलें असतात. पाण्याच्या तपासणीचा संच ही तिसरी.

या संचाचें महत्त्व असें. माशांच्या मलापासून अमोनिया होतो. सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. या जंतूंची वस्ती जमण्यास चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोंपर्यंत टाकींत मासा सोडणें म्हणजे त्यास विषांत सोडणें होय. समुद्राचें पाणी अल्कधर्मी असल्यामुळें त्यांत अमोनिया अधिकच घातक होतो. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावांचून माशांच्या दुकानाची पायरी चढूं नये.

शोभेसाठीं प्रवाळ घेण्याचा मोह मात्र कटाक्षानें टाळावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत २००१ सालीं कठीण प्रवाळ व समुद्रघोडे घातले गेले. ते बाळगणें गुन्हा आहे. दगड कृत्रिम अथवा चुनखडीचेच घ्यावे. मासेही समुद्रांतून पकडलेले न घेतां कृत्रिम पैदाशीचे मागावे. क्लाऊनफिशची पैदास केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेनें आपल्या देशांत यशस्वी केली आहे. ९० लिटरांत क्लाऊनफिशची एक जोडी सुखानें राहते. त्याच चित्रपटांतील निळा मासा फूटभर वाढतो. तो या टाकीसाठीं नव्हे.

शेवटीं, घराच्या संमतीविषयीं. माशांचें कोरडें खाद्यही बहुधा मासे व झिंगे यांपासूनच होतें. शाकाहारी घरांत याचा उलगडा वडील मंडळींशीं आधींच करावा, म्हणजे मागाहून कुरबूर होत नाहीं. रोजचें खाणें, आठवड्याचें पाणी व परगांवीं जातांना जबाबदारी कोणाकडे, हेंही ठरवून टाकावें. नीट निगा राखल्यास क्लाऊनफिश दहा वर्षांहून अधिक जगतो. आज हट्ट करणारा शाळकरी मुलगा तोंवर पदवीधर होऊन परगांवीं गेलेला असेल, आणि शनिवारची बादली दुसऱ्या कोणाला तरी उचलावी लागेल. ती उचलणारें माणूस घरांत आहे, अशी खात्री ज्या कुटुंबास वाटते, त्यानें खुशाल कांचवाल्याकडे माप द्यावें.