टायरवरचा मधला आकडा

टायरच्या बाजूवर १८५/६५ आर १५ असं काहीसं उमटवलेलं असतं. १८५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. १५ हा रिमचा व्यास, इंचांत. मधला ६५ म्हणजे प्रोफाइल, आणि तो टक्क्यांत असतो: टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, साधारण १२० मिलिमीटर.

आता मोठ्या अलॉयची हौस. १९५/५५ आर १६ घेतला तर भिंत १०७ मिलिमीटरवर येते, पण अख्ख्या चाकाचा व्यास दोन्हीकडे ६२१ मिलिमीटरच्या आसपासच. त्यामुळे स्पीडोमीटर फसत नाही. रिम आणि रुंदी तीच ठेवून नुसता प्रोफाइल वाढवला, तर काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू लागतो.

बुटकी भिंत वळणावर कमी लवते, स्टिअरिंग चटकन ऐकतं. पण खड्ड्याचा दणका पचवायला जागा उरत नाही; रिम वाकते, भिंतीला टेंगूळ येतं. पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर निव्वळ दिसण्यासाठी हा सौदा मी तरी करणार नाही. दुकानदार काहीही म्हणो, आधी गाडीचं मॅन्युअल उघडून कंपनीने मान्य केलेले आकार बघावेत. आकारापुढचा भार-अंकही तपासावा: ८८ म्हणजे एका टायरवर कमाल ५६० किलो. नव्या टायरचा अंक कंपनीने सांगितलेल्या अंकाहून कमी नको.