आधी मांडणी, मग मोजणी

डोंबिवलीत मी अकरावी-बारावीच्या आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवते. ‘पर्म्युटेशन’चा धडा निघाला की हमखास विचारणा होते, ‘‘मॅडम, इथे पी लावायचा की सी?’’ उदाहरण अजून अर्धंच वाचून झालेलं असतं आणि हात सूत्राकडे वळलेला असतो. एरवी चांगले मार्क मिळवणारी मुलं या धड्यात अडतात ती इथेच. म्हणून मी सूत्र बाजूला ठेवते आणि फळ्यावर एका स्टेशनचं नाव लिहिते : कळवा.

क, ळ, वा. ही तीन अक्षरं जितक्या प्रकारे ओळीत बसतील तितक्या प्रकारे वहीत लिहायची. कुणी चारांवर थांबतं, कुणाची सात होतात, कारण एक ओळ दोनदा आलेली असते. मग सांगते, शिस्तीने लिहा. पहिल्या जागी क धरा आणि उरलेल्या दोघांची अदलाबदल करा. मग पहिल्या जागी ळ, मग वा. कळवा, कवाळ, ळकवा, ळवाक, वाकळ, वाळक. झाले सहा. सातवा प्रकार शोधूनही सापडणार नाही, कारण तो लपायला जागाच उरलेली नाही. कळव्यातून वाकळ निघाली म्हणून मुलं खूश होतात, पण खरी कमाई त्या खात्रीची असते.

आता नुसतं बघायचं. पहिल्या जागेसाठी तीन पर्याय होते. एक अक्षर बसल्यावर दुसऱ्या जागेसाठी दोन उरले, शेवटच्या जागेसाठी एक. तीन गुणिले दोन गुणिले एक, म्हणजे सहा. चार वस्तू असतील तर ४ × ३ × २ × १ = २४, पाच असतील तर १२०. या उतरत्या गुणाकाराला फॅक्टोरियल किंवा क्रमगुणित म्हणतात आणि तो आकड्यापुढे उद्गारचिन्ह लिहून दाखवतात : ३!, ४!, ५!. हे चिन्ह ख्रिस्तियान क्राम्प या गणितज्ञाने १८०८ मध्ये वापरात आणलं. वस्तू ओळीत लावण्याचा प्रत्येक प्रकार म्हणजे एक क्रमचय, इंग्रजीतलं पर्म्युटेशन.

अक्षरं सारखी असली की काय होतं? ‘टकटक’ घ्या. चार अक्षरं, म्हणून घाईत उत्तर येतं चोवीस. मांडून बघितलं तर निघतात सहाच : टकटक, टककट, टटकक, कटकट, कटटक, ककटट. दोन ‘ट’ आपसात बदलले तरी ओळ तीच राहते, दोन ‘क’ बदलले तरी तीच. म्हणजे चोवीसमध्ये प्रत्येक ओळ चार-चार वेळा मोजली गेली होती. २४ भागिले ४, सहा. भागाकार कुठून आला हे ज्याने मांडून पाहिलं, त्याला तो पुन्हा पाठ करावा लागत नाही.

‘पी की सी’ या प्रश्नाचं उत्तरही आमच्या लोकलमध्येच आहे. धीम्या गाडीने ठाण्याहून निघालं की ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण अशी आठ स्थानकं लागतात. ‘इथून तिथे’ अशी एकेरी तिकिटं किती प्रकारची? निघण्याचं स्थानक आठांपैकी कोणतंही, उतरण्याचं उरलेल्या सातांपैकी : ५६. दिवा ते कल्याण आणि कल्याण ते दिवा ही दोन वेगळी तिकिटं आहेत, इथे क्रमाला किंमत आहे. पण दोन स्थानकांमधल्या अंतरांचा तक्ता करायचा असेल तर दिशा गौण ठरते, आणि २८ नोंदी पुरतात. पहिली मोजणी क्रमचयाची, दुसरी निवडीची, म्हणजे कॉम्बिनेशनची. दिशा बदलल्यावर गोष्ट बदलते का, एवढंच स्वतःला विचारायचं असतं.

लीलावतीतला शेवटचा पाठ

हे गणित आपल्याकडे परदेशातून आलं, असं मुलांना वाटतं. त्यांना मी भास्कराचार्यांची ओळख करून देते. जन्म १११४, ‘लीलावती’ ११५० मधली. तिच्या शेवटच्या प्रकरणाचं नाव ‘अंकपाश’, आणि त्याचा विषय नेमका हाच आहे. त्यातलं एक उदाहरण असं : शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य अशी दहा आयुधं आहेत. ती हातांमध्ये अदलून-बदलून दिली तर मूर्तीचे किती प्रकार होतील? आणि गदा, चक्र, कमळ, शंख धारण करणाऱ्या विष्णूचे किती?

विष्णूचं उत्तर २४. संध्येतली केशव, नारायण, माधव, गोविंद ही चोवीस नावं आठवा. मूर्तिशास्त्रात या चोवीस मूर्ती एकमेकींपासून ओळखायच्या त्या कोणत्या हातात कोणतं आयुध आहे यावरून. घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या त्या नावांमागे ४! उभा आहे. शंकराचं उत्तर १०!, म्हणजे ३६,२८,८००. दर सेकंदाला एक मूर्ती मनात आणली तर रात्रंदिवस बरोबर ४२ दिवस लागतील.

भास्कराचार्य याच्याही पुढे जातात. ३, ९ आणि ८ या अंकांपासून होणाऱ्या सगळ्या संख्यांची बेरीज किती, असं ते विचारतात. सहा संख्या लिहून बेरीज करता येईल, पण मांडणीकडे नीट पाहिलं तर श्रम वाचतात. एकक, दशक, शतक, कोणतीही जागा घ्या, प्रत्येक अंक तिथे दोनदा येतो. अंकांची बेरीज २०, तिची दुप्पट ४०. ही ४० तिन्ही स्थानांवर, म्हणून ४० × १११ = ४४४०. २, २, १, १ हे अंक घेतले तर ‘टकटक’सारख्या सहाच संख्या होतात आणि त्यांची बेरीज येते ९९९९. हे उत्तर वहीत पडताळून पाहिलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो, तो मला फार मोलाचा वाटतो.

देवगिरीच्या दरबारातले स्वर

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ काढला. त्याचा १२०७ मधला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. याच सिंघणाच्या दरबारात हिशेबाचं खातं सांभाळणाऱ्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सात स्वर एकदा-एकदाच घेऊन किती ताना होतील याची मोजणी त्यात आहे : ७!, म्हणजे ५०४०.

शार्ङ्गदेव आकडा सांगून थांबत नाही. स्वर कोणत्या क्रमाने फिरवायचे याचीही रीत तो देतो. तीन स्वरांचे सहा क्रम असे : सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. ख्याल गाणारे ज्याला मेरुखंड म्हणतात तो रियाज हाच. शेवटचा स्वर बघा : आधी दोनदा ग, मग दोनदा रे, मग दोनदा सा. या शिस्तीमुळे यादी न लिहिताही कितवी तान कोणती हे सांगता येतं. या प्रश्नाला ‘नष्ट’ म्हणतात, आणि दिलेली तान यादीत कितवी या उलट प्रश्नाला ‘उद्दिष्ट’.

सात स्वरांची तीन हजारावी तान काढू. शेवटी नि असलेल्या ताना ६!, म्हणजे ७२०. मग तितक्याच ध शेवटी असलेल्या, मग प, मग म. चार गट संपले की २८८० झाल्या, म्हणून तीन हजारावी पाचव्या गटात पडते, तिच्या शेवटी ग. या गटातली ती १२०वी. उरलेल्या सहा स्वरांपैकी नि सहाव्या जागी असलेल्या ताना ५!, म्हणजे बरोबर १२०. आपली तान त्यांतली शेवटची, म्हणजे बाकीचे पाच स्वर पूर्ण उलटे : ध प म रे सा नि ग. इंजिनिअरिंगच्या मुलांना मी हे करून दाखवते तेव्हा त्यांना लगेच ओळख पटते. क्रमचयाला क्रमांक देणं आणि क्रमांकावरून क्रमचय काढणं हे त्यांना प्रोग्रॅममध्ये लिहायचं असतं. देवगिरीच्या त्या हिशेबनिसाने हे आठशे वर्षांपूर्वी स्वरांवर बसवलं होतं.

बारा जणींची भिशी

मांडणीवर मी एवढा भर देते, तर सगळंच मांडून का पाहू नये? बारा जणींच्या भिशीत चिठ्ठ्या टाकून कुणाला कितव्या महिन्यात पैसे मिळणार ते ठरवलं, तर क्रम होतात १२!, म्हणजे ४७,९०,०१,६००. सेकंदाला एक याप्रमाणे लिहायला पंधरा वर्षांहून जास्त लागतील. भिशीत आणखी एक जण आली की काळ तेरा पट होतो, सुमारे १९७ वर्षं. घरोघरी पार्सल पोहोचवणाऱ्याने आज आधी कुठे जावं, मग कुठे, हा प्रश्नही याच जातीचा आहे. घरं वाढली की वेगवान कॉम्प्युटरही प्रत्येक रस्ता तपासून पाहू शकत नाही. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्समध्ये फॅक्टोरियल शिकवतात ते यासाठी : काय मांडता येईल आणि कुठे डोकं चालवूनच वाट काढावी लागेल, हे आधी कळावं.

डेमलो आणि ६१७४

डोकं कसं चालवायचं ते दाखवायला मला आमच्याच भागातला एक शिक्षक पुरतो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ मध्ये डहाणूला जन्मले, ठाण्यात शिकले, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिकवत होते. संख्यांच्या एका कुळाला त्यांनी ‘डेमलो’ संख्या म्हटलं. जी.आय.पी. रेल्वेवरच्या ज्या स्थानकात ही कल्पना सुचली, त्याचं ते नाव. आज आपण त्याला डोंबिवली म्हणतो. ११ × ११ = १२१, १११ × १११ = १२३२१, ११११ × ११११ = १२३४३२१, अशा चढून उतरणाऱ्या संख्या या कुळात येतात. भास्कराचार्यांच्या बेरजेतला १११ इथे पुन्हा भेटतो.

कापरेकरांचा जगभर गाजलेला शोध मात्र ६१७४ या संख्येचा. तो १९४६ मधला. चार अंक घ्या, चारही सारखे नकोत. त्यांच्या मांडण्यांपैकी सर्वांत मोठीतून सर्वांत लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच करा. त्यांचं जन्मवर्ष १९०५ घेऊ : ९५१० − ०१५९ = ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. इथे आल्यावर संख्या हलत नाही. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोहोचता, आणि त्यांच्या जन्मवर्षाला बरोबर सात लागतात.

पण ‘कुठूनही’ म्हणायला सगळ्या संख्या तपासायला नकोत का? ०००१ सारख्याही धरल्या तर त्या होतात ९९९०. इथे क्रमचयांची समज कामाला येते. चार वेगळ्या अंकांच्या चोवीस मांडण्यांची पहिली वजाबाकी एकच, म्हणून चोवीसांऐवजी एकच तपासायची. अशा प्रकारे ९९९० वरून उरतात ७०५. पुढे अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड धरून वजाबाकी करून पाहिली, तर उत्तर येतं ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क). म्हणजे फक्त दोन फरकांना महत्त्व, आणि त्या फरकांच्या शक्य जोड्या ५४. दहा हजारांच्या घरातलं काम चोपन्नांवर आलं, कागद-पेन्सिलीने एका संध्याकाळी होईल इतकं. कोणत्या मांडण्या एकसारख्या वागतात हे ओळखणं, हा या साऱ्या धड्याचा अर्क आहे.

पाठ्यपुस्तकातला हा धडा सूत्रं देऊन लवकर संपवता येतो, आणि परीक्षा जवळ आली की तसाच संपवला जातो. शिकवणाऱ्यांना आणि घरी अभ्यास घेणाऱ्या आईबाबांना माझी मनापासून विनंती आहे, थोडे तास जास्त द्या. तीन-चार वस्तूंच्या सगळ्या मांडण्या मुलांना हाताने लिहू द्या, गाळलेली ओळ त्यांची त्यांना सापडू द्या. मग वस्तू पाच करा. १२० ओळी लिहिताना हात दुखायला लागतो आणि मूल स्वतःहून विचारतं, ‘‘हे न लिहिता मोजता येईल का?’’ सूत्र सांगायची वेळ ती. त्या प्रश्नानंतर दिलेलं सूत्र मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं, आणि पी लावायचा की सी हे त्यांना कुणाला विचारावं लागत नाही.