स्नायुशिथिलके, शुद्धिहरणातील
सार्वदेहिक शुद्धिहरणात ऐच्छिक स्नायू सैल पाडण्यासाठी शिरेतून दिली जाणारी औषधे. त्यांमुळे श्वासनालात नळी घालणे सुलभ होते व उदरावरील शस्त्रक्रियेत स्नायूंचा विरोध राहत नाही. श्वसनाचे स्नायूही लुळे पडत असल्याने कृत्रिम श्वसन अपरिहार्य ठरते. दक्षिण अमेरिकेतील क्युरारे हे बाणविष या औषधांचे मूळ होय. हॅरल्ड ग्रिफिथ व एनिड जॉन्सन यांनी १९४२ मध्ये माँट्रिऑल येथे केलेल्या प्रयोगानंतर त्याचा शुद्धिहरणातील वापर रूढ झाला.

तंत्रिकेच्या टोकातून स्रवणारे ॲसिटिलकोलीन स्नायूवरील ग्राहींना चिकटले की स्नायू आकुंचन पावतो. या क्रियेत येणाऱ्या अडथळ्यावरून औषधांचे दोन गट पडतात.

(१) विध्रुवणकारी : सक्सामिथोनियम ग्राहींना प्रथम उद्दीपित करून नंतर निष्क्रिय ठेवते. परिणाम एका मिनिटाच्या आत सुरू होऊन ५ ते १० मिनिटांत ओसरतो; म्हणून पोट भरलेल्या रुग्णात ते उपयुक्त असते. रक्तद्रवातील कोलीनएस्टरेज एंझाइम त्याचे विघटन करते. या एंझाइमाची आनुवंशिक न्यूनता असल्यास श्वसन कित्येक तास बंद राहू शकते. दक्षिण भारतातील आर्य वैश्य समाजात हा दोष तुलनेने अधिक आढळतो. मोठ्या प्रमाणावर भाजल्यानंतर काही दिवसांनी ते दिल्यास रक्तातील पोटॅशियम वाढून हृदय बंद पडण्याचा धोका असतो.

(२) अविध्रुवणकारी : ही औषधे ग्राही केवळ अडवून धरतात. पँक्युरोनियम दीर्घकाल टिकते, नाडी जलद करते व मुख्यतः वृक्कांवाटे बाहेर पडते. व्हेक्युरोनियमाचा हृदयावर फारसा परिणाम होत नाही. ॲट्राक्युरियम शरीराच्या तापमानास बव्हंशी आपोआप विघटित होत असल्याने वृक्क वा यकृत निकामी असतानाही चालते. मात्र त्यामुळे हिस्टामीन मुक्त होऊन रक्तदाब उतरू शकतो. रोक्युरोनियम मोठ्या मात्रेत सक्सामिथोनियमाइतकेच शीघ्र, पण बरेच अधिक काळ कार्य करते.

या दुसऱ्या गटाचा परिणाम निओस्टिग्मिनाने उलटविता येतो. त्याने नाडी मंदावत असल्याने सोबत ॲट्रोपीन वा ग्लायकोपायरोलेट देतात. सुगमाडेक्स (यूरोपात मान्यता २००८) रोक्युरोनियम व व्हेक्युरोनियम यांचे रेणू स्वतःत सामावून घेते. ॲट्राक्युरियमावर ते निरुपयोगी आहे. नळी काढण्यापूर्वी लागोपाठच्या चार विद्युत् उद्दीपनांतील चौथ्या आकुंचनाचे पहिल्याशी गुणोत्तर किमान ०·९ असावे. अन्यथा उरलेल्या दुर्बलतेमुळे श्वास कोंडू शकतो.

यांपैकी कोणतेही औषध शुद्ध हरपत नाही की वेदना शमवीत नाही. स्कॉट स्मिथ यांनी १९४७ मध्ये स्वतःवर क्युरारेचा प्रयोग करून हे सिद्ध केले. पूर्ण लुळेपणातही त्यांची शुद्ध शाबूत होती. शुद्धिहारक अपुरे पडल्यास रुग्ण जागा असूनही खूण करू शकत नाही. यास्तव शुद्धिहरणाच्या खोलीवर अखंड लक्ष ठेवणे आवश्यक असते.