दार उघडं ठेवू या

परवा भिशीत गावातल्या एका मुलीचा विषय निघाला. ‘पळवून नेलेली पोर, आता घरात कशी घेणार?’ कुणीतरी म्हणालं. मला इराकची नादिया मुराद आठवली. तिची गोष्ट मी तिथेच सांगितली.

ऑगस्ट २०१४. ‘इस्लामिक स्टेट’च्या अतिरेक्यांनी सिंजार भाग घेतला. तिथले याझिदी त्यांच्या लेखी माणसंच नव्हती. १५ तारखेला कोचो गावाला शाळेत जमवलं. पुरुषांना गोळ्या घातल्या. म्हाताऱ्या बायकांनाही मारलं. त्यांत नादियाची आई होती. तरुण मुली मोसुलला नेऊन विकल्या. नादिया तेव्हा २१ वर्षांची. एका मुस्लिम कुटुंबाच्या मदतीने ती निसटली.

धर्माबाहेर गेलेल्याला याझिदी परत घेत नसत. पण त्यांचे धर्मगुरू बाबा शेख म्हणाले, या लेकी आपल्याच, त्यांना मानाने घरी घ्या. मात्र अत्याचारातून जन्मलेल्या बाळांना दार बंदच राहिलं. कित्येक आयांना पोटचं लेकरू सोडावं लागलं.

नादिया स्वतःच्या नावानिशी जगापुढे बोलली. २०१८ मध्ये तिला शांततेचं नोबेल विभागून मिळालं.

‘अगं, मग आपल्या या पोरीचा तरी काय गुन्हा?’ मी विचारलं. जरा वेळ कुणीच बोललं नाही. पुढच्या भिशीला तिच्या आईलाही बोलवायचं ठरलंय.