असं का? : डीमार्ट स्वस्त, तरी वाणी शाबूत

महिन्याची यादी डीमार्टात, पण ऐन फोडणीला मोहरी संपली की कोपऱ्यावरचा वाणी, हा पुण्यातल्या कित्येक घरांचा रिवाज. 2002 मध्ये पवईत सुरू झालेली ही साखळी पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करते, म्हणून तिला भाव पाडून मिळतो. बऱ्याच जागाही स्वतःच्या, भाड्याची कटकट नाही. मार्केट यार्डातून थोडाथोडा माल उचलणाऱ्या वाण्याला तो भाव कुठला मिळायला!

मग तो तगतो कशावर? गल्ल्यावर घरचंच माणूस, पगार वाचतो. दहा रुपयांची मोहरी पुडीत बांधून देतो, वहीत उधारी मांडतो. त्या उधारीला ना व्याज, ना तारण; गिऱ्हाइकाची पत त्याला तोंडपाठ. खरी धास्ती त्याने घ्यावी ती दहा मिनिटांत मोहरी दारात आणणाऱ्या ॲपची.