वेळ अमावस्येचं ताट वर्षभर हवं

मार्गशीर्ष अमावस्येला धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतली गावं ओस पडतात आणि शिवारं गजबजतात. ज्वारीच्या रानात कडब्याची कोप उभी राहते, पाच पांडवांची पूजा होते आणि मग मातीवरच पंगत बसते. भज्जी, उंडे, आंबील, गव्हाची खीर. वर्षातून एकदाच होणारं हे वेळ अमावस्येचं जेवण आहारशास्त्राच्या कसोटीवरही उतरतं.

भज्जीत तूर, वाटाणा आणि हरभऱ्याचे ओले दाणे असतात, शेंगदाणे असतात. मेथी, पालक, कांद्याची पात, गाजर असं हाताला येईल ते पडतं. चिंचेचा कोळ आणि डाळीचं पीठ हवंच. दाण्यांतून आणि पालेभाज्यांतून फोलेट आणि लोह मिळतं. गाजरातल्या आणि हिरव्या पानांतल्या कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. मात्र ते शोषलं जायला तेल-तूप लागतं आणि भज्जीत शेंगदाण्याची स्निग्धता असतेच. रानातली बोरं आणि पेरू क जीवनसत्त्व देतात.

आंबिलीचं महत्त्व आणखी वेगळं. ती ज्वारीच्या पिठाची. ज्वारीत फायटेट नावाचं द्रव्य असतं. ते लोह आणि जस्ताला धरून ठेवतं, त्यामुळे धान्यातली ही खनिजं पोटात जाऊनही रक्तापर्यंत पुरेशी पोहोचत नाहीत. पीठ ताकात आंबवलं की फायटेटचा काही भाग मोडतो. कडधान्यांना मोड आणल्यावरही हेच घडतं. आपल्या आज्या-पणज्यांना फायटेट हा शब्द ठाऊक नव्हता, पण आंबवणं आणि मोड आणणं त्यांनी घराघरांत रुजवलं होतं.

माणसाला 13 जीवनसत्त्वं लागतात आणि लोह, कॅल्शियम, जस्त, आयोडीन यांसारखी खनिजं. प्रमाण अगदी थोडं. काहींचं तर मायक्रोग्रॅममध्ये मोजावं लागतं. पण हे घटक एकेकटे काम करत नाहीत. लोहाला क जीवनसत्त्वाची साथ लागते, कॅल्शियमला ड जीवनसत्त्वाची, आणि रक्तातल्या तांबड्या पेशी घडायला लोहाबरोबर फोलेट आणि ब-12ही हवंच. म्हणून कुठल्याही एका ‘पौष्टिक’ पदार्थापेक्षा ताटातली विविधता मोलाची.

ताटातला एखादा सूक्ष्म घटक कमी पडला तर काय होतं, याचा पुरावा मुंबईतच सापडला होता. 1928 मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांतल्या गरीब गरोदर बायकांना होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा तिने अभ्यास केला. बायका काय खातात याची नोंद तिने घेतली आणि यीस्टचा अर्क दिल्यावर त्यांचं रक्त सुधारतं, हे 1931 मध्ये जगापुढे मांडलं. अर्कातला तो गुणकारी घटक पुढे 1941 मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा झाला. तेच फॉलिक अ‍ॅसिड. आज गावातल्या आशा कार्यकर्तीने गरोदर बाईच्या हातात ठेवलेल्या तांबड्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं.

तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना आणि पाच वर्षांखालच्या 68.9 टक्के बालकांना रक्तक्षय आढळला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशींनुसार पुरुषाला दिवसाला 19 मिलिग्रॅम लोह लागतं, स्त्रीला 29. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण चार मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे नुसत्या भाकरीवर ही गरज भागत नाही. आणि जिला जास्त लोह हवं, तीच घरात सगळ्यांच्या मागून जेवते. तोवर भाजी संपलेली असते. तिच्या वाट्याला भाकरी, चटणी आणि वर कपभर चहा येतो. चहातलं टॅनिन उरलंसुरलं लोहही अडवतं.

शिवारंही बदलली. खरिपात सोयाबीन पसरलं, पाणी आलं तिथे ऊस उभा राहिला. तीळ, कारळ, अंबाडी यांच्या ओळी आक्रसत गेल्या. सोयाबीन बाजारात जातं. त्याचे पैसे येतात, पण घरच्या भाजीची आणि डाळीची जागा ते भरून काढत नाही. 2018 मध्ये विकासात मागे पडलेल्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या सरकारी यादीत धाराशिवचं नाव आलं, तेव्हा आरोग्य आणि पोषण हे त्या कार्यक्रमाचे प्रमुख निकष होते.

उत्तरंही याच मातीत शोधली गेली. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ घडवल्या. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोगाने बायकांना घरच्या जमिनीतला एकेक एकर स्वतःच्या निर्णयाने पिकवायला उभं केलं. नगदी पिकाऐवजी त्यात भाज्या, डाळी आणि धान्यं घेतली जाऊ लागली. आधी घरासाठी, उरलं तर बाजारासाठी. काय पेरायचं हे बाईने ठरवलं की काय शिजणार, हेही बदलतं.

प्रत्येक घराला करता येण्यासारखं पुष्कळ आहे. परसात एक शेवगा लावा. हरभऱ्याची कोवळी पानं, तांदुळजा, पाथरी, घोळ यांना गरिबाची भाजी म्हणून दूर सारू नका. डाळ-भाजीवर लिंबू पिळा, चहा जेवणानंतर तास-दोन तासांनी घ्या. तीळ आणि जवसाची चटणी करत जा. ब-12 वनस्पतींतून मिळत नाही, म्हणून दूध-दही आणि चालत असेल तर अंडं-मटण हवं. मीठ आयोडीनयुक्तच घ्या. रक्तक्षय असेल तर हिमोग्लोबिन तपासून गोळ्या पूर्ण घ्या. तिथे नुसत्या आहाराने भागत नाही. आणि गोळ्या मनानेच घेऊ नका, कारण अ आणि ड जीवनसत्त्वं आणि लोह अति झाल्यास अपाय करतात.

यंदा वेळ अमावस्येला रानात जेवायला बसाल, तेव्हा घरातल्या बाईला पहिल्या पंगतीत बसवा. आणि दुसऱ्या दिवसापासून तीच पंगत घरातही चालू ठेवा.